पान आडवं का सरकतं: सीएसएसमध्ये रुंदी कोण ठरवतं ते आधी बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. गावच्या वाचनालयासाठी दिवाळी अंकांच्या यादीचं पान बनवलंय. वर वाचनालयाचं नाव आणि मेनू, डावीकडे विषयवार वर्गवारी, उजवीकडे अंकांची कार्डं. प्रत्येक कार्डात मुखपृष्ठ, नाव, संपादक, किंमत आणि 'राखून ठेवा' हे बटण. लॅपटॉपवर सगळं जागच्या जागी दिसतं. मोबाइलवर मात्र पान उजवीकडे सरकतं, बटणं एका रेषेत येत नाहीत आणि शीर्षकांच्या वेलांट्या वरून कापल्या जातात. सीएसएस म्हणजे पानाचं रूप ठरवणारी भाषा; तिच्यात रकाने मांडायच्या ज्या पद्धती आहेत त्यांपैकी फ्लोट वापरू, फ्लेक्स वापरू की ग्रिड, असं तुम्ही विचारलंय. शिवाय हीच यादी छापून फलकावर लावायची आहे.

मी हे काम वीसेक वर्षं करतोय, आणि माझ्या मते फ्लेक्स की ग्रिड हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा, की या चौकटीची रुंदी कोण ठरवतंय, बाहेरची चौकट की आतला मजकूर? तो सुटला की तुमच्या बहुतेक तक्रारी आपोआप मिटतील. (सीएसएसचे शब्द इथे उच्चारानुसार देवनागरीत लिहितोय. फाइलमध्ये ते रोमन अक्षरांतच लिहायचे.)

ब्राउझर साधं पान मांडतो तेव्हा रुंदी वरून खाली येते. खिडकी बॉडीला (सबंध पानाच्या चौकटीला) रुंदी देते, बॉडी आतल्या डिव्हला (साध्या चौकटीला) देते, डिव्ह परिच्छेदाला. उंचीचा प्रवास बरोबर उलटा. मजकुराच्या किती ओळी झाल्या त्यावर परिच्छेदाची उंची ठरते, परिच्छेदांवरून डिव्हची आणि डिव्हवरून पानाची. वर्तमानपत्राच्या रकान्यासारखंच आहे हे: रकान्याची रुंदी आधी ठरलेली असते आणि बातमी खाली वाढत जाते. मांडणी बिघडते ती बहुधा दोनच कारणांनी. कुणीतरी उंची वरून लादलेली असते, किंवा रुंदी आतून वाढू दिलेली असते. तुमच्या पानात दोन्ही झालंय.

आधी आडवं सरकणं घेऊ. पहिला संशयित अगदी साधा आहे. तुम्ही कार्डाला 'विड्थ: १००%' दिलंय, दोन्ही बाजूंना १६ पिक्सेल पॅडिंग (काठ आणि मजकूर यांमधली मोकळी जागा) आणि १ पिक्सेल बॉर्डर. सीएसएसच्या मूळ हिशेबात विड्थ म्हणजे फक्त आतल्या मजकुराची रुंदी, पॅडिंग आणि बॉर्डर तिच्या बाहेर मोजतात. फोनची रुंदी ३६० धरली तर ३६० अधिक ३२ अधिक २, म्हणजे ३९४. चौतीस पिक्सेल बाहेर पडले आणि पान तेवढं सरकायला लागलं. फाइलच्या सुरुवातीलाच सगळ्या घटकांना 'बॉक्स-साइझिंग: बॉर्डर-बॉक्स' द्या, म्हणजे ३६० मध्येच सगळं बसेल. आणि जमलं तर ते 'विड्थ: १००%' काढूनच टाका. डिव्ह मुळातच मिळेल तेवढी रुंदी घेतो, आणि समास-पॅडिंग वजा करून घेतो. त्याला ते मुद्दाम सांगायची गरज नसते.

या हिशेबाचा इतिहासही गमतीचा आहे. जुन्या इंटरनेट एक्सप्लोररमध्ये, पाचव्या आवृत्तीपर्यंत, विड्थमध्ये पॅडिंग आणि बॉर्डर धरलेली असायची. प्रमाणानुसार ते चूक होतं, आणि २००१ साली आलेल्या सहाव्या आवृत्तीनं योग्य डॉकटाइप (फाइलच्या सुरुवातीची प्रकाराची घोषणा) असलेल्या पानांसाठी ते सुधारलं. आज जगभरचे लोक पहिल्याच ओळीत बॉर्डर-बॉक्स लिहून तोच जुना हिशेब मागून घेतात, कारण माणसाच्या डोक्यात खोलीची रुंदी म्हणजे भिंतीपासून भिंतीपर्यंतची रुंदी असते.

दुसरा संशयित जास्त चोरटा आहे, आणि तुमच्याकडे तोच खरा गुन्हेगार आहे असं मला वाटतं. कार्डाच्या आत तुम्ही फ्लेक्स वापरलंय: डावीकडे ९६ पिक्सेलचं मुखपृष्ठ, मध्ये १२ पिक्सेलचा गॅप, उजवीकडे मजकूर. मजकुरात प्रकाशकाचा ईमेल पत्ता आहे. त्यात कुठेही मोकळी जागा नाही, म्हणजे ब्राउझरला ओळ तोडायला जागाच नाही. समजा तो पत्ता तुमच्या फाँटात २९० पिक्सेल लांब होतो. दोन्ही बाजूंचे समास वजा जाता उपलब्ध जागा ३२८. मुखपृष्ठ आणि गॅप मिळून १०८ गेले, उरले २२०. तुम्ही मजकुराला 'फ्लेक्स: १' दिलंय, म्हणजे उरलेली जागा घे. मग त्यानं २२० घ्यायला हवेत. पण तो २९० घेतो आणि कार्ड सत्तर पिक्सेल बाहेर येतं.

असं होतं कारण फ्लेक्सच्या आतल्या प्रत्येक घटकाची 'मिन-विड्थ' मुळात शून्य नसते, 'ऑटो' असते. ऑटो म्हणजे माझ्या आतल्या सगळ्यात लांब, न तुटणाऱ्या तुकड्यापेक्षा मी लहान होणार नाही. साध्या डिव्हला ही हट्टाची मुभा नाही. तिथे लांब शब्द बाहेर सांडतो पण चौकट जागची हलत नाही. फ्लेक्समध्ये मजकुराला मत मिळतं, आणि तो चौकटच ताणतो. रुंदी आतून वाढू दिली म्हणालो ती हीच.

उपाय एका ओळीचा आहे: मजकुराच्या डिव्हला 'मिन-विड्थ: ०'. आता चौकट २२० वर येईल, पण ईमेल तिच्या बाहेर लोंबेल. म्हणून सोबत 'ओव्हरफ्लो-रॅप: एनीव्हेअर' द्या, म्हणजे जागा संपली की पत्ता मध्येच तुटून खालच्या ओळीत जाईल. इथे एक बारीक गोष्ट सांगून ठेवतो, कारण मी स्वतः तिच्यावर एक अख्खी दुपार घालवली आहे. 'ब्रेक-वर्ड' आणि 'एनीव्हेअर' दिसायला सारखंच काम करतात. पण किमान रुंदीचा हिशेब करताना ब्राउझर एनीव्हेअरची तोडण्याची मुभा लक्षात घेतो, ब्रेक-वर्डची घेत नाही. त्यामुळे फ्लेक्सच्या आत नुसतं ब्रेक-वर्ड लिहिलं तर काहीच बदलत नाही आणि माणूस चक्रावतो. नुसतं एनीव्हेअर लिहिलं तर पुष्कळदा मिन-विड्थचीही गरज पडत नाही.

हाच हट्ट ग्रिडमध्येही आहे. 'रिपीट(२, १एफआर)' लिहिलं की दोन समान रकाने मिळतील असं वाटतं (एफआर म्हणजे मोकळ्या जागेतला वाटा). प्रत्यक्षात १एफआर म्हणजे 'किमान ऑटो, कमाल १एफआर', म्हणून एका रकान्यात लांब काही आलं की तो फुगतो आणि शेजारी आक्रसतो. खरंच समान रकाने हवे असतील तर 'मिनमॅक्स(०, १एफआर)' लिहा. वर्गणीचं कोष्टक किंवा रुंद तक्ता पानात असेल तर हे हमखास लागतं: रकाना मिनमॅक्स(०, १एफआर) आणि तक्त्याभोवती 'ओव्हरफ्लो-एक्स: ऑटो' असलेला डिव्ह. मग पान स्थिर राहतं आणि फक्त तक्ता सरकतो.

चित्रांना 'मॅक्स-विड्थ: १००%, हाइट: ऑटो' आहे का तेही बघून घ्या.

खरा दोषी कोणता हे शोधायला अंदाज बांधत बसू नका. सगळ्या घटकांना तात्पुरती 'आउटलाइन: १पीएक्स सॉलिड रेड' द्या आणि पान ३६० च्या रुंदीत बघा. बॉर्डर देऊ नका. बॉर्डर जागा घेते, म्हणजे मोजणाऱ्यानंच मोजमाप बदललं असं होतं. आउटलाइन जागा घेत नाही. जी लाल चौकट काठाबाहेर गेलेली दिसेल, तिच्यावर राइट क्लिक करून इन्स्पेक्ट करा, आणि मग तिच्या आत, आणखी आत जा. शेवटी एखादा ईमेल, एखादं चित्र किंवा पिक्सेलमध्ये रुंदी दिलेला डिव्ह सापडतो.

आणि एक कळकळीची विनंती. तुम्ही लिहिलंय की कुणीतरी सगळ्या पानाभोवतीच्या डिव्हला 'ओव्हरफ्लो-एक्स: हिडन' द्यायला सुचवलं आणि त्यानं 'प्रश्न सुटला'. तो सुटला नाही, फक्त झाकला गेला. काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या अर्जाचं पान माझ्याकडे आलं होतं. तिथेही हेच केलेलं होतं. लहान पडद्याच्या फोनवर 'जमा करा' हे बटण अर्धं काठाबाहेर होतं, आणि पान सरकतच नसल्यामुळे तिथे बोट पोचायचा मार्गच उरला नव्हता. नवे, मोठे फोन असणाऱ्यांना काही कळलं नाही. ज्यांच्याकडे जुना फोन होता त्यांचेच अर्ज राहिले. आडवं सरकणारं पान वाईट दिसतं, पण निदान माणूस सरकवून वाचू तरी शकतो. कापलेला मजकूर कुणालाच मिळत नाही.

त्या हिडनचा दुसरा तोटा तुम्हाला लवकरच जाणवेल. वर्गवारीची डावी पट्टी तुम्हाला 'पोझिशन: स्टिकी' करायची आहे, म्हणजे पान सरकलं तरी ती डोळ्यांसमोर राहावी. स्टिकी घटक सगळ्यात जवळच्या सरकू शकणाऱ्या चौकटीला चिकटतो, आणि ओव्हरफ्लो हिडन असलेला डिव्ह ब्राउझरच्या दृष्टीनं तशीच चौकट असतो. तो स्वतः कधी सरकत नाही, म्हणून पट्टीही चिकटत नाही. सजावटीचं काही मुद्दाम कापायचंच असेल तर 'ओव्हरफ्लो: क्लिप' आहे, तो अशी चौकट तयार करत नाही. आणि स्टिकी ग्रिडमध्ये असेल तर आणखी एक अडचण: ग्रिडचा घटक मुळात आपल्या ओळीची सगळी उंची व्यापतो, मग त्याला सरकायला जागाच उरत नाही. 'अलाइन-सेल्फ: स्टार्ट' दिलं की पट्टी आपल्यापुरती होते आणि चिकटायला लागते.

आता तुमचा मूळ प्रश्न. फ्लोट सोडून द्या. १९९६ च्या पहिल्या सीएसएसमध्ये फ्लोट आला तो चित्राशेजारून मजकूर वाहावा म्हणून. रकाने करायला दुसरं काही नव्हतं म्हणून आम्ही वर्षानुवर्षं त्यावर घरं बांधली. त्याआधी लोक कोष्टकांत पानं मांडायचे, एक पिक्सेलची पारदर्शक चित्रं ताणून जागा सोडायचे. फ्लोटमध्ये पालक डिव्हची उंची शून्य व्हायची, तिला सावरायला क्लिअरफिक्स नावाची युक्ती लिहावी लागायची. इंटरनेट एक्सप्लोरर ६ तर फ्लोटचा समास कधीकधी दुप्पट करायचा, आणि त्यावर 'डिस्प्ले: इनलाइन' हे औषध होतं. ही सगळी विद्या मी पाठ केली होती. तुम्हाला आज तिची गरज नाही. मार्च २०१७ मध्ये फायरफॉक्स ५२, क्रोम ५७ आणि सफारी १०.१ या तिघांत एकाच महिन्यात ग्रिड आलं. इतक्या मोठ्या बदलाबाबत ब्राउझरांची अशी एकी मी त्याआधी पाहिली नव्हती. चित्राभोवती मजकूर वाहायला हवा असेल तेव्हा मात्र फ्लोटच वापरा, ते काम अजूनही त्याचंच आहे.

फ्लेक्स आणि ग्रिडमध्ये निवड करताना मी रुंदीचाच प्रश्न विचारतो. आतल्या वस्तूंनी आपापल्या मापानं जागा घ्यावी आणि उरलेली वाटून घ्यावी असं हवं असेल तर फ्लेक्स. आखणी आधी करायची आणि वस्तूंनी त्या आखणीत बसायचं असेल तर ग्रिड. तुमचा वरचा मेनू म्हणजे फ्लेक्स: 'मुख्यपान', 'सभासदत्व', 'संपर्क' हे शब्द जेवढे लांब तेवढी जागा घेतील. वाचनालयाचं नाव डावीकडे आणि मेनू उजवीकडे हवा तर मेनूला 'मार्जिन-इनलाइन-स्टार्ट: ऑटो' द्या, तो सगळी मोकळी जागा आपल्या डावीकडे ओढून घेतो. 'फ्लेक्स-रॅप: रॅप' विसरू नका; लांबलचक नाव असलेल्या वाचनालयाचा मेनू फोनवर खालच्या ओळीत उतरलेलाच बरा.

पानाचा सांगाडा म्हणजे ग्रिड. फोनसाठी काहीच लिहू नका, सगळं एकाखाली एक येतंच. ९०० पिक्सेलच्या वर गेल्यावर 'ग्रिड-टेम्प्लेट-कॉलम्स: १६रेम मिनमॅक्स(०, १एफआर)', म्हणजे डावी पट्टी ठरलेली, उरलेलं यादीला (रेम हे माप पानाच्या मूळ अक्षरमापाच्या पटीत असतं). हे मीडिया क्वेरीत, म्हणजे ठरावीक रुंदीच्या पडद्यालाच लागू होणाऱ्या नियमांत, 'मिन-विड्थ' लावून लिहा. आधी लॅपटॉपचं लिहून मग फोनसाठी एकेक नियम रद्द करत बसलात तर दर दुरुस्तीला दोन ठिकाणी हात घालावा लागतो.

कार्डांच्या यादीला मात्र मीडिया क्वेरीची गरजच नाही. ही एक ओळ पाठ करून ठेवा:

ग्रिड-टेम्प्लेट-कॉलम्स: रिपीट(ऑटो-फिल, मिनमॅक्स(मिन(१००%, १६रेम), १एफआर));

तिचा हिशेब करून दाखवतो. १६ रेम म्हणजे नेहमीच्या अक्षरमापात २५६ पिक्सेल, गॅप १६ धरू. यादीला ११२० पिक्सेल मिळाले तर २५६ चे चार रकाने आणि तीन गॅप बसतात, पाचवा बसत नाही. उरलेली जागा चौघांत वाटली जाते आणि प्रत्येक रकाना २६८ चा होतो. टॅबलेटवर ५६८ मिळाले तर दोन रकाने, २७६ चे. फोनवर ३२८ मिळाले तर एकच. आतला 'मिन(१००%, १६रेम)' कशाला, तर एखाद्यानं फोनवर अक्षरं फार मोठी केली तर १६ रेम हे ३२८ च्याही पुढे जाईल आणि पान पुन्हा सरकायला लागेल. मिन म्हणतो, काहीही झालं तरी उपलब्ध रुंदीपेक्षा मोठं होऊ नकोस.

ऑटो-फिलऐवजी ऑटो-फिट लिहिलेलं पुष्कळ ठिकाणी दिसेल. कार्डं भरपूर असतील तर दोघांत फरक नाही. पण वाचकानं 'विज्ञानकथा' निवडलं आणि दोनच अंक निघाले, तर ऑटो-फिट रिकामे रकाने मिटवून टाकतो आणि दोन कार्डं सबंध रुंदीभर ताणतो. मुखपृष्ठ दारासारखं दिसायला लागतं. ऑटो-फिल रिकामे रकाने राखून ठेवतो. यादीसाठी तोच घ्या.

मुखपृष्ठांबद्दल थोडं. सगळी सारख्या मापात बसावीत म्हणून तुम्ही 'ऑब्जेक्ट-फिट: कव्हर' वापरलंय, आणि त्यानं चित्रं कडेनं कापली जाताहेत. दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ हे कुणाच्या तरी कुंचल्याचं काम असतं. दीनानाथ दलालांनी रंगवलेलं चित्र कडेनं कापून दाखवायचं मला तरी धजावणार नाही. चौकटीला 'आस्पेक्ट-रेशो: ३ / ४' द्या आणि चित्राला 'ऑब्जेक्ट-फिट: कंटेन'. कडेला थोडी मोकळी पट्टी राहील, तिला मागं हलका रंग भरा. शिवाय इमेज टॅगमध्ये विड्थ आणि हाइट हे दोन्ही आकडे लिहाच. त्यावरून ब्राउझर चित्र यायच्या आधीच तेवढी जागा राखतो. नाहीतर गावाकडच्या हळू नेटवर चित्रं एकेक करून येतात, दरवेळी मजकूर खाली ढकलला जातो आणि वाचणाऱ्याची ओळ हरवते.

बटणं एका रेषेत न येण्याचं कारण असं की प्रत्येक कार्डातला मजकूर वेगळ्या लांबीचा आहे. तुम्ही त्यावर 'हाइट: ३२०पीएक्स' हा उपाय केलाय. ही झाली वरून लादलेली उंची. शीर्षक तीन ओळींचं झालं की किंमत बटणावर चढते. ती उंची काढा. एकाच ओळीतली कार्डं ग्रिड आपोआप सारख्या उंचीची करतं. कार्डाला 'डिस्प्ले: फ्लेक्स, फ्लेक्स-डिरेक्शन: कॉलम' द्या आणि बटणाला 'मार्जिन-टॉप: ऑटो'. बटण तळाशी जाऊन बसेल. एवढ्यानं तुमचं काम होईल.

पुढे संपादकांची नावं आणि किमतीही शेजारच्या कार्डांशी रेषेत हव्या असतील तर सबग्रिड आहे. कार्डाला फ्लेक्सऐवजी 'डिस्प्ले: ग्रिड', 'ग्रिड-रो: स्पॅन ५' आणि 'ग्रिड-टेम्प्लेट-रोज: सबग्रिड' दिलं की चित्र, शीर्षक, संपादक, किंमत आणि बटण या पाच ओळी कार्डाच्या आपल्या न राहता सगळ्या यादीच्या होतात. एका कार्डाचं शीर्षक तीन ओळींचं झालं तर शेजाऱ्याच्या शीर्षकालाही तेवढीच जागा मिळते. फायरफॉक्समध्ये हे २०१९ पासून आहे, सफारीत २०२२ आणि क्रोममध्ये सप्टेंबर २०२३ पासून. जुन्या फोनवर नाही चाललं तरी कार्डं मोडत नाहीत, फक्त रेषा थोडी चुकते.

उंचीचंच आणखी एक कोडं तुम्ही विचारलंय: 'हाइट: १००%' दिलं तरी काही होत नाही. होणार नाही, कारण शंभर टक्के कशाचे? पालकाच्या उंचीचे. आणि पालकाची उंची तर आतल्या घटकांवरून ठरायची आहे. बाप लेकाला विचारतो, लेक बापाला. ब्राउझर हा गुंता सोडवायच्या भानगडीत पडत नाही, तो नियमच सोडून देतो. तळपट्टी खाली चिकटवण्यासाठी तुम्हाला हे हवं होतं ना? मग बॉडीला 'डिस्प्ले: ग्रिड, मिन-हाइट: १००डीव्हीएच, ग्रिड-टेम्प्लेट-रोज: ऑटो १एफआर ऑटो' द्या. ग्रिडचा हट्ट आठवून इथे कॉलमही 'मिनमॅक्स(०, १एफआर)' असा लिहून टाका. 'हाइट' न देता 'मिन-हाइट' दिल्यामुळे मजकूर वाढला की पान वाढतं. आणि व्हीएचऐवजी डीव्हीएच (दोन्ही पडद्याच्या उंचीची मापं), कारण फोनवर पत्त्याची पट्टी दिसते-लपते आणि १००व्हीएच ती लपलेली आहे असं धरून मोजतं, त्यामुळे तळपट्टी पडद्याखाली जाते.

दोन परिच्छेदांमध्ये २४ आणि १६ मिळून ४० पिक्सेल अंतर का दिसत नाही, हेही याच धाटणीचं. साध्या मांडणीत वरचा-खालचा समास एकमेकांत मिसळतो आणि मोठा तेवढा उरतो, म्हणून २४. फ्लेक्स आणि ग्रिडच्या घटकांत असं होत नाही. म्हणून कार्डांमधलं अंतर कधीही मार्जिननं देऊ नका, पालकाला 'गॅप' द्या.

आता वेलांट्या. इथे मी जरा थांबणार आहे, कारण मराठी पानांवर हा दोष मला सर्रास दिसतो आणि दरवेळी वाईट वाटतं. तुमची टेम्प्लेट इंग्रजीसाठी बनवलेली आहे. शीर्षकाला तिच्यात 'लाइन-हाइट: १.१' आहे आणि लांब शीर्षकं दोन ओळींत कापायला 'ओव्हरफ्लो: हिडन'. इंग्रजी अक्षराच्या वर-खाली फारसं काही नसतं. आपल्याकडे शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षराचं शेपूट. 'मूर्ती' हा एक शब्द बघा: खाली दीर्घ ऊकार, वर वेलांटी आणि तिच्यावर रफार. १.१ मध्ये ते चौकटीबाहेर जातं आणि हिडन ते कापून टाकतो. रफार गेला की 'मूर्ती'ची 'मूती' होते. शीर्षकांना १.४ ते १.५ आणि मजकुराला १.७ च्या आसपास ठेवा. हा माझा अनुभवाचा आकडा आहे, तुमच्या फाँटवर थोडा इकडे-तिकडे होईल. 'कर्तृत्व', 'वाङ्मयीन', 'दुर्बुद्धी', 'श्रीसूक्त' असे शब्द दोन ओळींत एकाखाली एक लिहून बघा. वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकला नाही म्हणजे झालं. दोन ओळींच्या पुढे कापायचंच असेल तर शीर्षकाला वर थोडं पॅडिंग द्या, म्हणजे पहिल्या ओळीची वेलांटी चौकटीच्या आत राहील.

त्याच टेम्प्लेटमध्ये मेनूला 'लेटर-स्पेसिंग' आहे. इंग्रजी मोठ्या अक्षरांना ते शोभतं, देवनागरीत शिरोरेषा तुटते आणि 'मुख्यपान' तुकड्यातुकड्यांत दिसतं. शून्य करा. परिच्छेदाची कमाल रुंदी '६५सीएच' दिलीय, तिथे रेम वापरा. सीएच हे माप रोमन शून्याच्या रुंदीवरून निघतं, आपल्या अक्षरांशी त्याचा काही संबंध नाही. मी साधारण ३६ रेम ठेवतो. आणि एचटीएमएल टॅगला 'लँग' म्हणून मराठीचा संकेत लिहा, हिंदीचा नको. ज्या फाँटांत सोय आहे त्यांत त्यामुळे 'ल' आणि 'श' आपल्या वळणाचे उमटतात.

वाचनालयाचे सभासद पुष्कळसे वयस्क असतील. ते फोनची अक्षरं मोठी करून वाचतात. वेब सुलभतेच्या नियमांत अक्षरं २०० टक्के केली तरी काही हरवू नये, आणि ३२० पिक्सेलच्या रुंदीत पान आडवं न सरकता वाचता यावं, अशा दोन अटी आहेत. तुम्ही ब्राउझरमध्ये अक्षरमाप दुप्पट करून एकदा पान वाचून बघा. पिक्सेलमध्ये बांधलेली प्रत्येक उंची तिथे उघडी पडते.

हेच कार्ड उद्या डाव्या पट्टीत 'नवे अंक' म्हणून दाखवायचं असेल तर कंटेनर क्वेरी वापरा. खिडकी केवढी आहे यापेक्षा माझी चौकट केवढी आहे हे कार्डाला कळतं. भोवतीच्या डिव्हला 'कंटेनर-टाइप: इनलाइन-साइझ' दिलं की त्या डिव्हच्या रुंदीत आतल्या मजकुराला मत उरत नाही. म्हणून तो डिव्ह अशा जागी ठेवा जिथे रुंदी वरून मिळते. फ्लेक्सच्या ओळीत तसाच ठेवलात तर त्याची रुंदी शून्य होते आणि कार्ड नाहीसं होतं. त्याला 'फ्लेक्स: १' द्या, म्हणजे येईल परत.

राहिली छापील यादी. 'मीडिया प्रिंट' लिहून त्यात मेनू, डावी पट्टी आणि बटणं 'डिस्प्ले: नन' करा, स्टिकी असेल ते 'स्टॅटिक' करा, आणि सांगाडा एका रकान्याचा. कार्डांचं ग्रिड ठेवा, पण रकाने तीन असे ठरवून द्या. ए-४ ची रुंदी काही बदलत नाही. प्रत्येक कार्डाला 'ब्रेक-इनसाइड: अव्हॉइड' द्या, म्हणजे मुखपृष्ठ एका पानावर आणि किंमत दुसऱ्यावर असं होणार नाही. '@पेज' मध्ये समास १५ मिलिमीटर ठेवा. फलकावर टाचण्या मारायला वर तेवढी जागा लागते.